मोडेल म्हणून हात मागे घेणाऱ्या मुली

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. सासूबाईंच्या आजारपणामुळे दोन वर्षांपूर्वी कराडजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. कंपनीचं काम आता घरूनच करते. गावातल्या वाचनालयाची माडी रविवारी रिकामी असते. तिथं जूनपासून सकाळी दहा ते बारा सातवी ते नववीच्या मुलांना गोळा करते. दोन जुने लॅपटॉप, दोन आर्दुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालता येणारे छोटे बोर्ड), चार ब्रेडबोर्ड (नुसत्या वायरी खोचून सर्किट जोडायच्या पाट्या), एलईडी, वायरी, एक मल्टिमीटर, एवढंच सामान. चौदा जण येतात. नऊ मुलगे, पाच मुली.

पहिला महिना मी खुशीत होते. मुली न चुकता यायच्या, वेळेवर यायच्या, वह्यांना कव्हरं घालून आणायच्या. मग पालकांच्या ग्रुपवर टाकायला म्हणून फोटो निवडत बसले आणि हबकले. एकेक करून सगळे फोटो पाहिले. ब्रेडबोर्डवर हात मुलग्यांचे. माऊस मुलग्यांच्या हातात. मुली शेजारी बसलेल्या, मांडीवर वही, हातात पेन. एकाही फोटोत मुलीच्या हातात वायर नाही.

पुढच्या रविवारी मुद्दाम लक्ष ठेवलं. आठवीतली एक मुलगी आहे, तिची वही बघण्यासारखी असते. एलईडीचा लांब पाय अधिकला, आखूड पाय वजाला, मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा भाग), त्यावर ओहम सांगणारे लाल-लाल-तपकिरी पट्टे रंगीत पेन्सिलीनं काढलेले. मी म्हटलं, "आता हेच तू बोर्डावर जोड." तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको मॅडम, मोडेल. दादाला द्या."

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ, नववीतला. त्यानं पुढं होऊन रेझिस्टर न लावताच एलईडी जोडला. क्षणभर झगमगला आणि गेला. दुसरा घेतला, तोही गेला. तिसरा गेल्यावर तो थांबला, मुलीची वही ओढून घेतली, पट्टे बघितले, आणि रेझिस्टर लावला. त्या दिवशी त्यानं तीन एलईडी जाळले आणि रेझिस्टर कशाला लागतो हे त्याला जन्मभरासाठी कळलं. तिच्या वहीत ते पहिल्यापासून बरोबर होतं. पण तिला ते कळलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं एकही एलईडी जाळलेला नाही.

एलईडी दोन-तीन रुपयांचा. दादाला कोणी ओरडलं नाही, मीही नाही. मग तिला "मोडेल" ही भीती कुणी घातली?

माझे प्रश्न असे. मुलींची वेगळी बॅच करावी का? घरच्यांशी काय आणि कसं बोलावं? तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? भाषणं, पोस्टर, "मुलींनो पुढे या" हे सगळं करून झालंय. त्यानं मुली माडीपर्यंत येतात, वायरीपर्यंत येत नाहीत.

रेवती_म

कृष्णाकाठ ताई, तुमचा धागा वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, वीस वर्षं झाली. प्रयोगाच्या तासाला मी गट पाडते. प्रत्येक गटात एक-दोन मुली घालते आणि म्हणते, "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." किती प्रेमानं म्हणते! वीस वर्षं मी मुलींच्या हातातून व्होल्टमीटर काढून पेन देत आले. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नव्हतं.

भीती मात्र फक्त मुलींची नाही. माझ्या आधीच्या शाळेत (नाव सांगत नाही) अटल टिंकरिंग लॅब मंजूर झाली होती. ही केंद्राची योजना २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. सामान आलं, उद्घाटन झालं, आणि खोलीला कुलूप लागलं. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या वेष्टनात तसाच. चावी मागितली की एकच उत्तर, "मोडलं तर जबाबदार कोण? ऑडिटला काय दाखवायचं?" तपासणीच्या आदल्या दिवशी खोली उघडायची आणि तेव्हाही दोन-तीन हुशार मुलगेच आत. जिथं मोठ्यांनाच मोडायची धास्ती, तिथं आठवीतली पोर हात मागे घेणारच.

स्पष्ट_मत

राग मानू नका, पण दुसरी बाजूही मांडतो. ज्या मुलीला आवड आहे ती पुढे येतेच. माझी पुतणी कुणी न सांगता कॉम्प्युटर शिकली, आज बंगळुरूला आहे. सगळ्याच मुलींना यंत्रात गोडी असली पाहिजे हा आग्रह का? कुणाला शिक्षिका व्हायचंय, कुणाला नर्स, त्यात काही कमीपणा आहे का? आणि खरं बोलायचं तर मुलग्यांचा ओढा लहानपणापासून गाड्या-मोटरींकडे असतो, मुलींचा नसतो. निसर्गच तसा आहे.

कृष्णाकाठ

स्पष्ट_मत, राग अजिबात नाही. शिक्षिका, नर्स यांच्याविषयी तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. माझ्या पाचही मुलींनी इंजिनियर व्हावं असं मी म्हणतच नाहीये. वायर हातात घेऊन, दोन एलईडी जाळून, मग कुणी म्हणाली "मॅडम, मला हे आवडत नाही", तर मी आनंदानं तिला खालच्या मजल्यावर पुस्तकं वाचायला पाठवेन. पण हात न लावताच आवडत नाही म्हणणं, याला आवड-निवड कसं म्हणायचं? पोहायला न उतरलेल्या माणसाला पाणी आवडतं की नाही हे कसं ठरवणार?

तुमच्या पुतणीच्या घरी कॉम्प्युटर होता ना? आणि तिला त्याला हात लावू दिला होता ना?

कानस

मी कमिन्स कॉलेजची, कर्वेनगरची. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ साली सुरू केलेलं मुलींचं इंजिनियरिंग कॉलेज. मी सुरुवातीच्या काही वर्षांतली. आता बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे.

पहिल्या वर्षाला वर्कशॉप असायचं. फिटिंगचा जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस घेऊन घासायचा, चारही कडा काटकोनात येईपर्यंत. काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत घासा. तळहाताला फोड यायचे. मी तोवर आयुष्यात खिळा ठोकलेला नव्हता. वडील म्हणायचे, बोटाला लागेल.

आणि तिथं एक गोष्ट अशी होती जी मला तेव्हा कळली नाही, नंतर नोकरीत लागल्यावर कळली. वर्गात मुलगे नव्हतेच. त्यामुळे "जड आहे, त्याला उचलू दे" म्हणायला कुणी नव्हतं. मशीन बंद पडलं की आम्हीच झाकण उघडायचो, चुकायचो, सरांची बोलणी खायचो, परत उघडायचो. पुढे मिश्र टीममध्ये काम करताना मला आपण वेगळे आहोत असं कधी वाटलं नाही, कारण सवय हाताला लागून गेली होती. म्हणून कृष्णाकाठ, माझं मत, सुरुवातीचे दोन-तीन महिने मुलींची वेगळी बॅच करा. कायमची नको. हात सुटेपर्यंत.

स्पष्ट_मत यांच्या "निसर्गच तसा आहे" यावर एक गोष्ट सांगते. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा अवाढव्य कॉम्प्युटर जगासमोर आला. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. तेव्हा प्रोग्रॅमिंगची भाषा वगैरे काही नव्हती. केबली उपसून दुसरीकडे खोचायच्या, स्विच लावायचे, आणि गणित त्यातून वाहायला लावायचं. म्हणजे ब्रेडबोर्डच, फक्त खोलीभर! त्या काळी यंत्र बनवणं पुरुषांचं मोठं काम आणि ते चालवणं बायकांचं कारकुनी काम समजलं जायचं. पुढं प्रोग्रॅमिंगला मान आणि पैसा आला तेव्हा तेच काम पुरुषांचं समजलं जाऊ लागलं. निसर्ग तीस-चाळीस वर्षांत बदलत नाही.

वर्कशॉपवाले

ताई, नमस्कार. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, सांगली भागात, आता निवृत्त आहे. चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

सगळ्यात आधी, हत्यार वाटून देऊ नका. प्रत्येकाला एक द्या. पाच जणांत एक पाना दिला की तो सगळ्यात दांडग्या पोराच्या हातात जातो, हे मी तीस वर्षं बघितलंय. मुलगी सोडा, बारका मुलगासुद्धा मागे पडतो. तुमच्याकडे चार ब्रेडबोर्ड आणि चौदा पोरं. म्हणजे दहा पोरं बघेच राहणार. आणखी दहा ब्रेडबोर्ड आणा. आर्दुइनो नसला तरी चालतो, पेन्सिल सेलवर पुष्कळ काही शिकवता येतं.

दुसरं, नव्या वस्तूवर शिकवू नका. नव्या वस्तूला पोरीच काय, तिची आईपण हात लावू देत नाही. गावात सांगा की बंद पडलेलं सगळं माडीवर आणून द्या. मिक्सर, इस्त्री, बॅटरी, रेडिओ, पंख्याचा रेग्युलेटर. एक खोका करा. जे मोडलेलंच आहे ते आणखी काय मोडणार? तुमच्या त्या मुलीचा "मोडेल" हा शब्द त्या खोक्यापाशी आपोआप संपतो. उघडायचं, आतलं बघायचं, परत बसवायचं. बसवून दोन स्क्रू उरले तरी काही बोलायचं नाही.

काळजी घ्या मात्र. वस्तू भिंतीतून काढलेली असली पाहिजे, प्लग तुमच्या नजरेसमोर टेबलावर ठेवायचा. परत लावून बघायचं असेल तर ते मोठ्या माणसानं. मायक्रोवेव्ह आणि जुना डबड्याचा टीव्ही खोक्यात अजिबात घेऊ नका. वायर काढून ठेवली तरी त्यांच्या आत जीवघेणा करंट साठून राहतो. इन्व्हर्टर, मोबाइलची फुगलेली बॅटरी, हेही नको.

आणखी एक. शिरूर तालुक्यातल्या पाबळला जमलं तर एकदा जाऊन या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून दुष्काळी गावात येऊन बसले. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत चालतो. आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. वर्कशॉप, वीज-ऊर्जा, शेती-जनावरं आणि घर-आरोग्य, असे चार भाग, आणि प्रत्येक पोरानं चारही करायचे. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाक करतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. वेळापत्रकातच आहे, त्यामुळे कुणी कुणाला वेगळं प्रोत्साहन देत बसत नाही. वेल्डिंगची काच तोंडासमोर धरून ठिणग्या उडवणारी नववीतली पोर एकदा बघा. मी बघितलीय.

मांडवीतीर

वर्कशॉपवाले सरांच्या "वेळापत्रकातच आहे" याला माझं अनुमोदन. मी गोव्यात शिकवते. आमच्याकडे सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स सुरू केलंय. अडचणी आहेत, कॉम्प्युटर कमी पडतात, कधी नेट नसतं. पण "ज्याला आवड असेल त्यानं शाळा सुटल्यावर थांबा" म्हटलं असतं तर मुली थांबल्याच नसत्या. शेवटची बस चुकली तर घरी कसं जाणार? तासातच असल्यामुळे प्रश्नच उरत नाही, सगळ्यांनाच करावं लागतं. क्लब काढला की तो मुलग्यांचा होतो, हे मी आधीच्या शाळेत बघितलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा) मासळी बाजाराचा खेळ केला. बांगडा, सुंगटं, इसवण, भाव करत करत विकायचं, आणि पावसाळ्यातली मासेमारी बंदी लागली की दुकानातले मासे संपत जातात. भाव वरखाली व्हायला तिनं रँडम आकडा वापरला. मी शिकवला नव्हता, तिनं शोधून काढला. आई मासळी विकते तिची. तिला गाड्यांची शर्यत करायला सांगितली असती तर कदाचित ती गप्प बसली असती.

दोन_लेकींचा_बाबा

मुलग्याच्या आणि मुलीच्या हातात काय असतं याचे आकडेही बघण्यासारखे आहेत. असर या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. अकरावीपासून पुढं विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या शाखेला मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१ टक्के.

आमच्याच घरात बघा. भावाच्या मुलाला दहावीनंतर फोन घेतला तेव्हा कुणी चर्चा केली नाही. माझ्या थोरलीला घ्यायचा म्हटलं तर आमच्या आईनं चार दिवस अबोला धरला. "पोरीच्या हातात फोन म्हणजे वाईट वळण." फोन फक्त बोलायचं साधन नाही हे तिला कसं सांगू? फोनचं सेटिंग बिघडलं की पोरगा तासभर खटपट करून नीट करतो. पोरगी "दादा आला की दाखवते" म्हणते. असं दहा वर्षं चाललं की पोरगा घरातला तंत्रज्ञ होतो. मी शेवटी माझाच जुना फोन लेकीला दिला आणि आईला सांगितलं की आता तुझ्या फोनवर भजनं ही लावून देईल. आता आई दिवसातून चारदा तिलाच हाक मारते.

पैशाचंही लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना इंजिनियरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. शिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे, डिप्लोमा आणि डिग्री दोन्हीला, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेत आधार जोडणं आधीच करून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलमध्ये रांगा असतात, तिथं पोरींचे फॉर्म अडकतात.

डिप्लोमा_शेवटचं_वर्ष

मी बहुतेक इथली सगळ्यात लहान असेन. मेकॅनिकलला डिप्लोमा करतेय, शेवटचं वर्ष. वर्गात साठ जण, मुली पाच.

तुमच्या त्या मुलीसारखीच मी होते. पहिल्या वर्षी लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापायचं मशीन) जायची वेळ आली की सर म्हणायचे, तुम्ही मुली ड्रॉइंग करा, जॉब मुलं करून देतील, मार्क मिळून जातील. त्यांना आमची काळजीच होती, ते वाईट नव्हते. मार्क मिळालेही. दुसऱ्या वर्षी ट्रेनिंगला एका छोट्या कारखान्यात गेले (नाव नको). तिथल्या मालकांनी विचारलं, लेथ लावता येतो का? मार्कलिस्टमध्ये होता, हाताला येत नव्हता. मी खोटं बोलले नाही. ते म्हणाले, मग ऑफिसात बस, एन्ट्री कर. महिनाभर एन्ट्री केली आणि रोज घरी येऊन रडले.

मग तिथल्याच एका जुन्या ऑपरेटर काकांना विचारलं, शिकवाल का? ते जेवणाच्या सुट्टीत शिकवायला लागले. त्यांनी सगळ्यात आधी केस बांधायला आणि ओढणी काढून ठेवायला सांगितली, चकमध्ये (जॉब धरून फिरणारा भाग) ओढणी गेली तर माणूस जातो म्हणाले. मग चक आवळायची किल्ली फिरवायला दिली आणि म्हणाले, किल्ली चकमध्ये विसरून मशीन चालू करायचं नाही, बाकी सगळं चुकलं तरी चालेल. बाकी सगळं चुकलं तरी चालेल असं मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. पहिल्या जॉबला माप अर्धा मिलिमीटर कमी भरलं. त्यांनी तो तुकडा फेकला नाही, मला दिला. अजून माझ्या टेबलावर आहे.

नोकरीचं अजून अवघड आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्रपाळी नव्हतीच. आता संमती, गाडी, सुरक्षा अशा अटींवर परवानगी मिळते. पण गाडीचा खर्च नको म्हणून कितीतरी ठिकाणी मुलींचा अर्जच बाजूला ठेवतात. हे सगळं आठवीतल्या मुलींना आत्ताच सांगू नका. पण त्यांना लेथ, वायर, काय असेल ते हाताला येऊ द्या. पुढं भांडायला तेच कामी येतं.

कानस

डिप्लोमा, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ. लेथवरचा बायोडेटा कसा लिहायचा ते बोलू.

रेवती_म

मीही. आणि एक सांगायचंय. या आठवड्यात मी प्रयोगाच्या तासाला फक्त एक गोष्ट बदलली. जो मागच्या वेळी लिहीत होता तो या वेळी लिहिणार नाही. एवढंच. पहिली पंधरा मिनिटं नुसता गोंधळ. मुलींना ॲमीटर कुठं जोडायचा कळेना, मुलग्यांना तक्ता आखता येईना. दोन मुलग्यांनी तर मुलींनाच विचारलं की निरीक्षण आणि अनुमान यात फरक काय. तास संपला तेव्हा प्रयोग अर्धाच झाला होता. मला वाटतं तो या वर्षातला सगळ्यात चांगला तास होता.

स्पष्ट_मत

डिप्लोमा यांचा प्रतिसाद वाचला. वर "आवड असेल तर पुढे येतेच" असं मी लिहिलं होतं. पुतणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्हाला आठवत नाही, पप्पांनी जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत ठेवला होता आणि पासवर्ड फक्त मला सांगितला होता." मला हे खरंच माहीत नव्हतं. माझ्याकडे बंद पडलेला मिक्सर आणि दोन टेबलफॅन आहेत. कराडला येणं-जाणं असतं, माडीवर आणून देतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार झाले, हकिगत सांगते.

वेगळी बॅच केली नाही. वेळ बदलली. पाचातली एक मुलगी दोन रविवार आली नाही म्हणून घरी गेले, तर सकाळची वेळ धुण्याची आणि सध्या सोयाबीनची काढणी. आई म्हणाली, "तिचं शिक्षण बुडवायचं नाही मला, पण दहाला कशी सोडू?" आता दुपारी तीन ते पाच करते. भाऊ सकाळी दहाला मोकळा असायचा, बहीण नसायची. हे मला जूनमध्येच सुचायला हवं होतं.

दहा ब्रेडबोर्ड आणले. प्रत्येकाला आपला आपला. आणि खोका केला. आठवड्याभरात तीन मिक्सर, एक इस्त्री, दोन रेडिओ, एक बॅटरी, शिवाय स्पष्ट_मत दादांनी खरंच आणून दिलेलं सामान. वाचनालयाचे ग्रंथपाल काका आता मला माडी देतात की भंगाराला देतात असं लोक विचारतायत.

खोक्यावर सगळे तुटून पडले. मुलीही. एकीनं रेडिओतला स्पीकर बाहेर काढून मागच्या लोहचुंबकाला टाचण्या चिकटवल्या आणि अर्धा तास तेवढंच केलं. वहीवाली मुलगी मिक्सरपाशी बसली. तिनं आधी सगळं निरखलं आणि मला म्हणाली, मॅडम, हा लावून बघा ना. मी प्लग लावला. मोटर फिरते, पण वरचं भांडं फिरत नाही. प्लग काढून टेबलावर ठेवला. तिनं भांड्याच्या बुडाला बोट लावलं, मग मिक्सरवरच्या काळ्या चक्रीला लावलं, आणि म्हणाली, याचे दात झिजलेत. भांडं घसरतंय.

कपलर (ती काळी चक्री) झिजलाय, बरोबर होतं तिचं. आता तो निघत नाहीये. मी, ती आणि आणखी दोघी, सगळ्यांनी जोर लावून डावीकडे फिरवला. जागचा हलत नाही. वर्कशॉपवाले सर, मदत.

वर्कशॉपवाले

ताई, तुम्ही तो सोडवत नाही, आवळताय. मिक्सरच्या कपलरचे आटे बहुतेक उलटे असतात. मोटर फिरताना कपलर आपोआप सुटून येऊ नये म्हणून तसं करतात. उजवीकडे फिरवा, घड्याळाच्या काट्यासारखा. आणि नुसता कपलर धरून फिरवाल तर खालचा शाफ्टपण (मोटरचा दांडा) बरोबर फिरेल. मिक्सर उलटा करून खालचं झाकण काढा, शाफ्टच्या टोकाला खाच असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून एकीनं घट्ट धरायचं, दुसरीनं वर कपलर फिरवायचा. दोघी लागतात.

पोरींना आधी कारण सांगू नका. उलटे का असतील ते त्यांना विचारा.

कृष्णाकाठ

सर, निघाला!

दोघी जमिनीवर बसल्या, मिक्सर आडवा मांडीत. एकीनं खालून स्क्रूड्रायव्हर धरला, वहीवालीनं वर कापड गुंडाळून कपलर उजवीकडे फिरवला. कर्रर्र असा आवाज आला आणि दोघी दचकून थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिनं परत फिरवला आणि चक्री हातात आली. उलटे आटे का, हे विचारलं तर पाच मिनिटं सगळी माडी भांडत होती. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं सांगितलं, पंखा फिरता फिरता नट सुटला तर पातं उडेल ना, तसं. तिनं पंखा कुणी खोलताना पाहिला होता, ते आज कामी आलं.

नवीन कपलर कराडहून आणायचाय. मी म्हटलं, पुढच्या रविवारी घेऊन येते. वहीवाली म्हणाली, "मॅडम, दोन आणा. पहिला माझ्याकडून मोडला तर असू दे."

वर्कशॉपवाले

दोन आणा, पण जुना कपलर बरोबर न्या. कंपनीगणिक माप वेगळं असतं आणि दुकानदार नुसता "मिक्सरचा द्या" म्हटलं तर भलताच देतो. दात मोजून घ्या, आटे उलटेच आहेत ना ते दुकानातच फिरवून बघा. आणि जमलं तर त्या पोरीलाच दुकानात घेऊन जा. तिला मागू द्या.